दोन फुटी खाऱ्या टँकसाठी फिल्टर निवडताना

माशांच्या गोड्या पाण्याच्या टँकला फिल्टर घ्यायला गेलं की आपण डब्यावरचा एकच आकडा बघतो: तासाला किती लिटर. टँक साठ लिटरचा, फिल्टर पाचशेचा, झालं, द्या. माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून गोडा टँक आहे. आधी गप्पी-मोली होते, मग झाडं लावली, पण फिल्टरवर डोकं चालवावं असं कधी वाटलं नाही. खाऱ्या पाण्याचा छोटा टँक लावायचं ठरल्यावर मात्र काच कापायला टाकायच्या आधी मी फिल्टरचा घोळ घालत बसले. घरच्यांना वाटलं, हिला टँक नकोच आहे, नुसती चर्चा हवी आहे.

टँक २४ बाय १५ बाय १५ इंचांचा. हिशेबाने ८८ लिटर, पण वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली की पाणी पंचाहत्तर लिटरच्या आसपास उरतं. भांडुपच्या आमच्या वन-बीएचकेत यापेक्षा मोठा बसत नाही. मरीनमधले, म्हणजे खाऱ्या टँकच्या नादातले, जुने लोक एक सांगतात आणि ते खरं आहे: मोठा टँक सांभाळायला सोपा, छोटा अवघड. पाणी कमी असलं की एखादा मासा मेला, जरा जास्त खाणं पडलं किंवा दोन तास वीज गेली, तरी लगेच परिणाम दिसतो.

गोड्या टँकचा अनुभव इथे कुठे तोकडा पडतो, ते आधी सांगते. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास. पाणी ३२ अंशांवर गेलं की तोही ६ च्या आसपास येतो, म्हणजे पाणी हवेशी पुरेपूर मिसळत असेल तर. दुसरी गोष्ट अमोनियाची. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया येतो. पीएच ७ असताना त्यातला जेमतेम अर्धा टक्का भाग खऱ्या अर्थाने विषारी रूपात असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३, तिथे हे प्रमाण किमान दहापट होतं. गोड्या टँकमध्ये जो अमोनिया मासे मुकाट्याने सोसतात, तोच खाऱ्यात त्यांना मारतो.

तिसरी गोष्ट कुठल्याही परदेशी पुस्तकात ठळक लिहिलेली नसते, कारण ती मुंबईची आहे. टँक जिथे ठेवायचा होता तिथे, टीव्ही आणि खिडकी यांच्या मधे, मी मे महिन्यात पाण्याची एक बादली भरून ठेवली आणि तिच्यात थर्मामीटर सोडला. दुपारी ३१, कधी ३२. पहाटेसुद्धा तिशीच्या खाली फारसं उतरत नव्हतं. ना दिवा, ना पंप, नुसती बादली. लक्षद्वीपच्या समुद्राचं पाणीही २८-३० अंशांपर्यंत जातं, तेव्हा २८ ला माझी हरकत नव्हती. पण त्यापुढचा प्रत्येक अंश ऑक्सिजन खातो, आणि पाण्यात बुडवलेला प्रत्येक पंप जेवढे वॅट ओढतो तेवढी उष्णता शेवटी पाण्यातच सोडतो. म्हणून मी वहीत डब्यावरचे लिटर लिहायचे सोडून तीन रकाने आखले: हवा किती मिसळतो, गरम किती करतो, आणि साफ करायला किती वेळ लागतो. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मी नोकरी करते. रविवारचे तीन तास फिल्टर धुण्यात घालवणार नाही, हे मला माझ्याबद्दल आधीच माहीत होतं.

सुरुवात अर्थातच क्रॉफर्ड मार्केटपासून. तिथे पक्षी, ससे, कुत्र्यांचे पट्टे यांच्या गर्दीतून माशांच्या दुकानांपर्यंत पोचलं की "मरीनसाठी हवाय" म्हटल्यावर दोन प्रकारची उत्तरं मिळतात. पहिलं, "मरीन में मत पडो मॅडम, मर जाता है." दुसरं, "यही लेके जाओ, मीठा-खारा सब में चलता है." दुसऱ्या उत्तराबरोबर हातात येतो तो टॉप फिल्टर: टँकवर आडवा ठेवायचा प्लॅस्टिकचा डबा, खाली पंप, वर स्पंज. स्वस्त, साफ करायला सोपा, पाणी वरून पडतं म्हणून हवाही बरी मिसळते. पण तो टँकचं अर्धं तोंड झाकतो. वरून उष्णता आणि वाफ निघायला जागा राहत नाही, दिवा कडेला सरकवावा लागतो. गोड्यासाठी मी आजही घेईन, खाऱ्यासाठी नाही.

अंडरग्रॅव्हलसुद्धा दाखवला. वाळूखाली जाळीची पाटी, कोपऱ्यात नळी, एअर पंपाने पाणी वाळूतून खाली खेचलं जातं आणि वाळूच फिल्टर होते. एकेकाळी जगभरचे खारे टँक यावरच चालायचे, आणि पहिले सहा-आठ महिने तो झकास चालतो. मग पाटीखाली जो गाळ साचतो तो काढायचा तर अख्खा टँक उपसावा लागतो. मला जी बारीक वाळू हवी होती ती तर जाळीतून खालीच गेली असती. फुली.

खरी ओढाताण झाली ती कॅनिस्टर आणि सम्प यांच्यात.

कॅनिस्टरची बाजू दिराने लावून धरली. ते ठाण्याला राहतात आणि त्यांच्याकडे चार फुटी टँक आहे. "वहिनी, आवाज नाही, टँकमध्ये काही दिसत नाही, खाली कपाटात ठेवा आणि विसरा." त्यातला "विसरा" हा शब्दच मला खटकला. कॅनिस्टर म्हणजे बंद डबा: आत स्पंज, सिरॅमिक रिंगा, दोन नळ्या आणि पंप. त्याची जीवाणूंसाठीची जागा भरपूर असते, प्रश्नच नाही. पण अमोनिया पचवणारे जीवाणू ऑक्सिजनचे मोठे गिऱ्हाईक आहेत. अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट करायला त्यांना साधारण साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. बंद डब्यात हवा येत नाही, म्हणजे हा सगळा ऑक्सिजन ते टँकच्या पाण्यातूनच उचलणार. पाणी परत सोडणारी नळी पृष्ठभागाखाली असली तर भरपाईही होत नाही. शिवाय स्पंजात अडकलेला गाळ आपण काढेपर्यंत तिथेच कुजतो आणि नायट्रेट बनत राहतं. गोड्या टँकमध्ये झाडं ते खातात, खाऱ्यात तशी झाडं नसतात. पंधरा दिवसांनी नेमाने उघडून धुणाऱ्या माणसासाठी कॅनिस्टर उत्तम आहे, हे मी मानते. तो माणूस मी नव्हे.

आणि दिरांकडेच घडलेली एक गोष्ट माझ्या लक्षात होती. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बसली आणि मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तो दिवस आठवत असेल. त्यांच्या भागात दिवे यायला संध्याकाळ झाली. तोवर कॅनिस्टरमधलं पाणी तसंच उभं. वीज आल्यावर पंप सुरू करायच्या आधी त्यांनी झाकण उघडलं ते बरं झालं, कारण आतून सडक्या अंड्याचा वास आला. डब्यातले जीवाणू गुदमरून मेले होते. ते पाणी तसंच टँकमध्ये गेलं असतं तर? त्यांनी ते मोरीत ओतलं, रिंगा टँकच्याच पाण्यात खळबळल्या आणि मग पंप लावला. एवढं होऊनही ते कॅनिस्टरच्याच बाजूने आहेत, हा भाग वेगळा.

सम्प ही कागदावरची सर्वोत्तम पद्धत. खाली दुसरा छोटा टँक. वरचं पाणी कडेवरून सांडून पाइपने खाली येतं, स्पंज, स्किमर (बुडबुड्यांनी घाण बाहेर काढणारी नळी, त्याबद्दल पुढे) वगैरेंमधून जातं आणि पंपाने परत वर चढतं. पाण्याचा एकूण साठा वाढतो, सगळी यंत्रं नजरेआड राहतात, पाणी सांडताना हवा मुबलक मिसळते. जागा असेल तर दुसरं काही बघू नका. मला अडचणी आल्या त्या अशा. काचेला भोक पाडावं लागतं, आणि ते टँक बनवतानाच; तळाला टफन्ड काच असेल तर पाडताच येत नाही. भोक नको म्हणून काठावर लटकवायचा ओव्हरफ्लो बॉक्स मिळतो, पण तो सायफनवर चालतो. सायफनमध्ये हवेचा बुडबुडा अडकला की वरचं पाणी खाली यायचं थांबतं, पंप मात्र खालचं वर ढकलतच राहतो. उरलेलं पाणी जमिनीवर. उलट वीज गेली की वरचं पाणी पंपाच्या नळीतून मागे खाली येतं, तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी ठेवावी लागते, नळीला पाण्याच्या पातळीजवळ बारीक भोक पाडून ठेवावं लागतं, आणि त्या भोकात शेवाळ तर बसलं नाही ना हे बघत राहावं लागतं.

आमच्या खालच्या मजल्यावर ज्या काकू राहतात त्यांच्या बाथरूमच्या छताला आमच्या मोरीचं पाणी झिरपतं की नाही, यावर सोसायटीत आधीच दोन बैठका झालेल्या. त्यात पंधरा-वीस लिटर मिठाचं पाणी हॉलमधून खाली उतरवायची माझी छाती नव्हती.

उष्णतेचा हिशेबही केला. सम्पचा परतीचा पंप २५ वॅट धरा, स्किमरचा १०. पस्तीस वॅट अखंड. बाहेर काहीच उष्णता गेली नाही असं मानलं तर पंचाहत्तर-ऐंशी लिटर पाणी तासाला पाव अंशाहून जास्त तापतं. प्रत्यक्षात काचेतून आणि बाष्पीभवनातून बरीच उष्णता जाते, पण मेमध्ये खोलीच बत्तीस असेल तर ती जाणार कुठे? चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्यायचा तर त्याची किंमत सबंध टँकपेक्षा जास्त, आणि तो जी गरम हवा मागून फेकतो ती आमच्याच हॉलमध्ये. सम्पही बाद.

दरम्यान अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं, वेगळंच चाललं होतं. "समुद्र एवढा जवळ आणि तू मिठाची पाकिटं विकत आणतेस? दादरला जाऊन कॅन भरून आण." मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी किती मिसळतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आयुष्य माहीमला गेलं त्यांचं. पावसाळ्यात तर नाले आणि मिठी नदी मिळून किनाऱ्याचा खारटपणाच उतरतो. मी त्यांना पाण्याचा खारटपणा मोजणारा हायड्रोमीटर दाखवला: १.०२५, यावर काटा राहिला पाहिजे, रोज. मग ते म्हणाले, "म्हणजे समुद्रापेक्षा तुझं पाणी चांगलं." हो, तसंच.

आता दगडांकडे येते, कारण छोट्या खाऱ्या टँकचा खरा फिल्टर दगडच असतो. इंडोनेशियात ली चिन एंग यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच प्रवाळखडकाचे जिवंत तुकडे आणि नुसते हवेचे बुडबुडे यांवर टँक चालवून दाखवले होते. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्यात स्किमरची भर घातली, ती आज बर्लिन पद्धत म्हणून ओळखली जाते. सच्छिद्र दगडाच्या बाहेरच्या थरात अमोनिया पचवणारे जीवाणू राहतात आणि आत खोलवर, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे. हे दुसरं काम कॅनिस्टरच्या रिंगा सहसा करत नाहीत.

फक्त भारतात तो जिवंत खडक घ्यायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ २००१ पासून आहेत, समुद्रघोडेही आहेत. समुद्रातून तोडलेला प्रवाळखडक विकणं-बाळगणं म्हणजे सरळ गुन्हा. एका दुकानात मला मागच्या खोलीत नेऊन "असली रॉक" दाखवण्यात आला, किंमतही अर्धी सांगितली. मी हात जोडले. कारखान्यात तयार केलेला कोरडा सिरॅमिक दगड मिळतो. त्याचे सात-आठ किलो घेतले. तो रंगाने पांढराफटक, सुरुवातीला बेसिनच्या तुकड्यांसारखा दिसतो आणि त्यावर जीवाणूंची वस्ती व्हायला वेळ लागतो. पण त्यात चोरून आलेले खेकडे आणि कीडही नसते.

दगड हाच मुख्य फिल्टर म्हटल्यावर यंत्राकडून मागणी एकदम कमी झाली. ते जीवाणूंचं घर असायची गरज उरली नाही. तरंगती घाण पकडायची, कार्बन (पाण्यातला रंग-वास शोषणारा कोळसा) ठेवायला जागा द्यायची, पृष्ठभाग ढवळायचा. एवढं तर काठावर टांगायचा साधा हँग-ऑन फिल्टर करतो. शेवटी तोच घेतला, तासाला साडेसातशे-आठशे लिटरवाला, म्हणजे पाण्याच्या दहापट. डब्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत कापूस भरला की तो बराच उतरतो, म्हणून दहापट धरली. मोटर सात वॅट. पाणी धबधब्याने पडतं, त्यामुळे पृष्ठभाग सतत हलतो. साफ करायला झाकण उचला, कापूस काढा, नवा टाका. तीन मिनिटं.

घेताना एक अट मात्र सोडली नाही: पाणी खेचणाऱ्या नळीला पृष्ठभागावरून ओढणारी जाळी, सरफेस स्किमर म्हणतात ती, जोडता आली पाहिजे. वन-बीएचकेत स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात अंतर ते काय? फोडणी पडली की तेलाचा बारीक अंश हवेतून येऊन पाण्यावर बसतो. सकाळी टँककडे तिरकं बघितलं की त्यावर इंद्रधनुषी पापुद्रा चमकताना दिसतो. त्या पापुद्र्याखाली हवा शिरत नाही. जाळी लावल्यापासून तो टिकत नाही. कापूस मात्र लवकर पिवळा पडतो.

उरला स्किमर. वरचा जाळीवाला सरफेस स्किमर नव्हे, प्रोटीन स्किमर: उभ्या नळीत बारीक बुडबुड्यांचा स्तंभ, पाण्यातली विरघळलेली सेंद्रिय घाण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर चढते आणि कपात पडते. हे फक्त खाऱ्या पाण्यातच नीट होतं, कारण मिठामुळे बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. बाकीचे फिल्टर घाण पकडून ठेवतात, स्किमर ती कुजायच्या आधीच पाण्याबाहेर काढतो. इतक्या छोट्या टँकला तो लागतोच असं नाही. दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदललं तर त्याच्याशिवाय भागतं, आणि पुष्कळ लोक तसंच चालवतात. मला तो हवा होता तो दुसऱ्याच कारणासाठी. बुडबुड्यांच्या त्या स्तंभात पाण्याला ऑक्सिजन भरपूर मिळतो.

स्किमरमध्येही दोन जाती. एकाला स्वतःचा बुडालेला पंप असतो. दुसरा जुन्या वळणाचा, एअर पंप आणि लाकडी एअरस्टोनवर चालणारा. दुकानदारांनी दुसऱ्याकडे नाक मुरडलं: कटकट आहे, लाकूड बुजतं, बदलावं लागतं. सगळं खरं. पण एअर पंपाची मोटर पाण्याबाहेर असते, तिची उष्णता टँकमध्ये येत नाही. आणि असा एअर पंप बॅटरीवरही चालतो: वीज गेली की आपोआप सुरू होणारा, मोबाइलच्या पॉवर बँकेला जोडता येणारा. फिल्टर बंद पडला तरी बुडबुडे चालू. उकाडा आणि वीज या दोन्हींवर एका चाळीस रुपयांच्या लाकडी तुकड्याने उत्तर मिळत असेल तर तो महिन्या-दीड महिन्याने बदलायला माझी ना नाही. पंप टँकच्या पातळीच्या वर, शोकेसच्या फळीवर ठेवला, आणि तरीही नळीत उलटा न वाहू देणारा व्हॉल्व्ह घातला. नाहीतर पंप थांबला की पाणी नळीतून थेट मोटरमध्ये उतरू शकतं.

पाण्याच्या हालचालीसाठी समोरच्या काचेला तीन वॅटचा वेव्हमेकर, म्हणजे पाणी ढवळणारा छोटा पंप. एवढाच संसार.

पाण्याबद्दल एक महत्त्वाचं. आपल्याकडे नळाला येतं ते भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं पाणी, शुद्धीकरण आमच्या भांडुपलाच होतं. पाणी मवाळ, पण क्लोरीन असतंच. म्हणून घरच्या आरओचं पाणी वापरावं असा सल्ला सगळे देतात. आमच्या आरओला चव यावी म्हणून खनिजांचं आणि त्यापुढे तांब्याचं कार्ट्रिज होतं. पिणाऱ्यांसाठी ठीक आहे. गोगलगाई, कोळंबी, खेकडे यांना मात्र तांब्याचा अंशही सोसत नाही. सर्व्हिसला येणाऱ्या मुलाला सांगितलं, मेम्ब्रेनच्या (पाणी गाळणाऱ्या पडद्याच्या) लगेच पुढे एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसव आणि वेगळा नळ काढ. त्याने विचारलं, "कोण पिणार?" मासे म्हटल्यावर तो पाच मिनिटं टँककडे बघत राहिला आणि मग पैसे घेताना पन्नास रुपये कमी केले. त्या नळाला पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांची) नळकांडी जोडली की पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवतो. शून्य सुटलं की रेझिन संपलं.

मग टँक भरला, मीठ विरघळवलं, आणि सायकल सुरू केली, म्हणजे मासे आणायच्या आधी अमोनिया पचवणारे जीवाणू वाढू द्यायचे. सुरुवातीच्या अमोनियासाठी अमोनियम क्लोराईड वापरणं सगळ्यात मोजूनमापून होतं, पण मी आपली बाजारातून आणलेली एक कोळंबी, सोललेली, जाळीच्या पिशवीत बांधून सोडली. अण्णा म्हणाले, "खायची वस्तू कुजवायची?" पहिले काही दिवस टेस्ट ट्यूबमधला रंग पिवळाच. मग हिरवा, मग गडद हिरवा: अमोनिया चढला. तो उतरायला लागला तेव्हा नायट्राइटची (अमोनिया आणि नायट्रेट यांच्या मधला टप्पा) ट्यूब जांभळी होऊ लागली, आणि ती बराच काळ जांभळीच राहिली. इथे लोकांचा धीर सुटतो. महिनाभराहून थोडा जास्त वेळ गेल्यावर दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं. उकाड्याचा हा एकच फायदा, जीवाणू झपाट्याने वाढतात. या काळात फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने केलेलं सगळं जातं. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

मासे म्हणून क्लाउनफिशची जोडी आणली, टँकमध्येच पैदास केलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम इथल्या केंद्रांत क्लाउनफिश वाढवण्याचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्या माशांच्या मागे लागायचं कारण नाही. पैदाशीचे मासे दुकानातच गोळी खातात. घेण्याआधी दुकानदाराला खायला घालायला लावलं.

आता रोजचं. हँग-ऑनच्या काठावर, जिथे पाणी शिंतडतं, तिथे पांढरं मीठ बसतं आणि ते वायरीवरून सरकत प्लगपर्यंत जायला बघतं. म्हणून प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोल देऊन मग वर नेली आहे. ओघळ आला तर तो झोलाच्या तळाशी टपकतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. टँकच्या वर पंखा लावलाय. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात तो पाणी दोन-तीन अंश सहज उतरवतो. जुलैत हवाच इतकी दमट असते की बाष्पीभवन होत नाही आणि पंखा नुसता फिरतो. सुदैवाने तेव्हा हवाही तितकी तापलेली नसते. मे महिना हीच खरी परीक्षा. बाष्पीभवनाने जे पाणी कमी होतं ते साध्या शून्य टीडीएसच्या पाण्याने भरायचं, खाऱ्याने नाही, कारण मीठ उडून जात नाही. उन्हाळ्यात रोज लिटरभर लागतं.

स्किमरच्या कपात दोन-तीन दिवसांनी काळपट हिरवा रस साठतो. त्याचा वास एवढा उग्र की कप धुवायचं काम घरात दुसरं कोणी करत नाही. कापूस आठवड्यातून दोनदा बदलते, कार्बन महिन्याने. पाणी बदलणं रविवारी, चहा व्हायच्या आत आटोपतं.

फिल्टरचा एक इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं पातं, जास्तीचा आणून ठेवला आहे. खाऱ्या पाण्यात त्याच्या दांड्यावर चुनखडी बसते, आवाज यायला लागतो आणि एक दिवस तो अडकतो. व्हिनेगरमध्ये भिजवून बहुतेक वेळा सुटतो, पण सुटा इम्पेलर दुकानात मिळेलच असं नाही. फिल्टर विकत घेतानाच "याचा इम्पेलर वेगळा मिळतो का?" हे विचारून घ्या. ज्या दुकानदाराने डोळ्याची पापणी न हलवता खणातून काढून दिला, त्याच्याकडूनच मी फिल्टर घेतला.